तुमचे प्रश्न : फातरच तो, त्याला काय होतंय?

चवथ, म्हणजे आपली गणेश चतुर्थी, झाली की दरवर्षी या सदरात फरशी-ओट्याच्या पत्रांचा ढीग येतो. कारण सरळ आहे, चवथीआधी सगळं गोंय घर घासायला काढतं, बाजारात मिळेल ते लिक्विड आणतं, आणि मग पाहुणे गेल्यावर शांतपणे बसून बघतं तर ओट्यावर पांढरे डाग, देवघरातल्या मार्बलची चमक गायब. वर घरातलं कोणीतरी म्हणणार, अगो फातरच (दगडच) तो, त्याला काय होतंय! तर त्याला बरंच काय काय होतं. मी स्वतः लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासरच्या कोटा दगडाच्या फरशीवर बाथरूमचं ऍसिड ओतून घासलं होतं, चकाचक करायला म्हणून. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या कोपऱ्यावर त्यांनी जी चटई घातली ती शेवटपर्यंत काढली नाही. तेव्हा खालचं सगळं अनुभवाचं आहे असं समजून वाचा.

ताई, दहा वर्षांपूर्वी ओट्याला काळा ग्रॅनाइट बसवला, म्हणजे मिस्त्रीने ग्रॅनाइट म्हणूनच सांगितलं. सोलकढीसाठी आमसुलं भिजत घातलेलं भांडं ठेवलं की खाली गोल पांढरट चट्टा उठतो, लिंबू कापलं तरी तेच. कितीही घासलं तरी जात नाही. ग्रॅनाइटला असं होतं का? — एक गृहिणी, म्हापसा

वयनी, वाईट वाटून घेऊ नका पण तुमचा ओटा बहुतेक ग्रॅनाइटचा नाही, कडप्पा आहे. आंध्रातल्या कडप्पा भागातून येतो म्हणून ते नाव. दिसायला काळा, पॉलिश केला की लांबून कोणीही फसेल, आणि भावात मात्र दोघांमध्ये चांगलाच फरक.

खात्री करायची तर ओट्याच्या खालच्या बाजूला, जिथे पॉलिश नाही आणि कोणाला दिसत नाही तिथे, लिंबाच्या रसाचे चार थेंब टाका आणि पाच-दहा मिनिटांनी पुसून बघा. बारीक बुडबुडे आले किंवा जागा फिकट पडली तर तो चुन्याच्या जातीचा दगड. कडप्पा, कोटा, शहाबादी आणि मार्बल, हे सगळे एकाच घराण्यातले, चौघांच्याही पोटात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपल्या शिंपल्यात असतं तेच. आंबट लागलं की ते विरघळतं आणि वायू सुटतो. ग्रॅनाइट वेगळ्या घरचा, त्यात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही कठीण खनिजं, त्याला लिंबू, चिंच, कोकम, माडाचा विनागर कशाचंच काही वाटत नाही. दुसरी खूण म्हणजे सुरी. साध्या स्टीलच्या सुरीच्या टोकाने खालच्या बाजूला रेघ ओढा, कडप्प्यावर पांढरी रेघ खोल उमटते, ग्रॅनाइटवर सुरीच झिजते.

आता हे नीट लक्षात घ्या, तो चट्टा म्हणजे डाग नव्हे. डाग म्हणजे दगडात काहीतरी शिरलेलं असतं, ते बाहेर ओढता येतं. तुमच्याकडे दगडाचा वरचा थर खाल्ला गेलाय, तिथे काढण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणून तुम्ही जितकं घासाल तितकी आजूबाजूची चमकही जाईल. उपाय एकच, तिथला भाग परत घासून सारखा करायचा. बारीक वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिशपेपर) आणा, ४०० नंबरापासून सुरू करून ६००, ८००, हजार असं चढत जा, पाणी लावत लावत, आणि चट्ट्यापुरतंच न घासता वीतभर जागा धरून घासा नाहीतर खड्डा दिसतो. मग कोरडं झाल्यावर खोबरेलाचा एक थेंब, खरंच एकच, फडक्यावर घेऊन पुसा, काळा रंग वर येतो. जास्त तेल लावलं तर चिकट होऊन धूळ धरेल आणि मुंग्यांची वरात येईल ती वेगळी. संपूर्ण ओटाच गेला असेल तर पॉलिशवाल्याला बोलवा, एका दिवसाचं काम.

आणि पुढे? आमसुलाच्या भांड्याखाली ताट ठेवा, लिंबू पाटावर कापा, सांडलं तर लगेच पाण्याने पुसा. हाच ओटा आणखी वीस वर्षं जाईल. बदलायची काही गरज नाही, माझ्या माहेरी अजून कडप्पाच आहे.

डिचोलीला नवीन घर बांधतोय. आर्किटेक्ट म्हणतो सगळीकडे इटालियन मार्बल, बाबा म्हणतात कोटा, बायको म्हणते टाइल्स घाला आणि सुटा. बल्कांवला (दारापुढच्या बसायच्या ओसरीला) काय, किचनला काय, बाथरूमला काय, आणि दुकानात गेल्यावर बघायचं काय? — एक वाचक, डिचोली

भाऊ, तिघांमध्ये बाबांच्या बाजूने मी, पण सगळीकडे नाही.

आपल्याकडे पाऊस वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्यामुळे गोव्यात दगड निवडताना आधी विचार पाण्याचा, सुंदर दिसण्याचा नंतर. बल्कांववर, पायऱ्यांवर मिरर पॉलिश अजिबात नको, ओल्या चपलेने एक पाय घसरला की सगळी शोभा विसराल. तिथे रफ कोटा किंवा फ्लेम केलेला ग्रॅनाइट. फ्लेम म्हणजे वरून आगीची ज्योत फिरवतात, पृष्ठभाग तडतडून खरखरीत होतो. कोटा घेताना मात्र कडेने बघा, कडेला पानं पानं सुटलेली दिसली तर ती लादी बाहेर वापरू नका, पाणी आत शिरून पापुद्रे निघतात. बाहेरच्या कट्ट्यांना राजस्थानचा सँडस्टोन हल्ली फॅशनमध्ये आहे, कोरड्या हवेत छान, आपल्याकडे दुसऱ्या पावसात हिरवा होतो.

आतल्या खोल्यांना कोटा घालून मशीनने पॉलिश करून घेतलात तर पायाला थंड, दिसायला निळसर हिरवा, आणि पंधरा वर्षांनी परत पॉलिश केला की नवा. टाइल्सचं तसं नाही, टाइलचं वरचं झिजलं की ती गेली. ओट्याला ग्रॅनाइट, डोळे मिटून. बाथरूमच्या जमिनीला लेदर फिनिशचा ग्रॅनाइट, चमक कमी पण पाय धरतो. मार्बलची हौस असेलच तर देवघर किंवा फारतर हॉल. इटालियन मार्बल वाईट नाही हो, पण त्यातल्या बऱ्याच जातींत नैसर्गिक भेगा असतात, त्या रेझिनने भरून मागून फायबरची जाळी चिकटवलेली असते, स्लॅब उलटून बघा म्हणजे दिसेल. जाळी आहे म्हणजे फसवणूक असं नाही, पण भाव करताना आपल्याला ठाऊक असलेलं बरं. मकराण्याचा पांढरा महाग पडतो, पण ताजमहालाला तोच आहे, त्याबद्दल अधिक काय सांगायचं.

कठीण दगड म्हणजे टिकाऊ हा एक गोड गैरसमज. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ बघितलंत ना? कदंब राजांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं, आणि दगड आहे शंखजिऱ्याच्या जातीचा, इतका मऊ की त्यात कोरीवकाम लोण्यासारखं होतं, तो आसपास मिळतही नाही, घाटावरून आणलेला म्हणतात. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस खात अजून उभं आहे. मऊपणा वेगळा, आंबट सहन करणं वेगळं, पाणी पिणं वेगळं. दुकानदार तिन्ही एकाच शब्दात गुंडाळतो, "एकदम हार्ड माल आहे साहेब!"

दुकानात गेल्यावर स्लॅब शेडच्या बाहेर उन्हात काढायला लावा, शेडमधल्या ट्यूबलाइटखाली सगळेच गोरे दिसतात. एकदा पाणी मारून बघा, भेगा असतील तर पाणी वाळताना त्या शेवटपर्यंत ओल्या राहतात, रेघ दिसते. नाण्याने ठोका, खणखणीत वाजला पाहिजे, भद्द वाजला तर आत कुठेतरी तडा. काळा ग्रॅनाइट घेताय तर कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासा, कापूस काळा झाला तर दगडाला रंग दिलाय, वर्षभरात राखाडी होईल. गंमत म्हणजे ज्याला आपण ब्लॅक गॅलक्सी ग्रॅनाइट म्हणतो, तो आंध्रातल्या ओंगोलजवळच्या चीमकुर्तीचा काळा चमचमता दगड, भूगर्भवाले त्याला ग्रॅनाइट म्हणतच नाहीत, पण ओट्याला उत्तम तेव्हा आपल्याला काय. सगळा माल एकाच लॉटमधला घ्या आणि मापापेक्षा दहा टक्के जास्त, कापण्यात जातो, आणि सहा महिन्यांनी कमी पडला म्हणून गेलात तर तो रंग परत मिळत नाही. आणि जाडी स्वतः टेपने मोजा. १८ मिलिमीटर सांगून १५ चा माल येणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही.

जून-जुलैत हॉलच्या मार्बलला घाम येतो, पोछा मारला तरी दहा मिनिटांत परत ओलं. आणि भिंतीच्या कडेने मिठासारखी पांढरी पावडर येते. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ऍसिडने धुवा आणि वरून सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारं लिक्विड) मारा. — फ्लॅटधारक, तळमजला, मडगाव

ऍसिडचं नाव काढलं ना त्याने, आता त्याला दुसरं काही विचारूच नका.

तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी असू शकतात. घाम येणं म्हणजे बहुतेक वेळा हवेतलंच पाणी, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला येतं तसं, दगड थंड आणि हवा दमट. अशा वेळी आपण दारं-खिडक्या सताड उघडतो, वारा येऊ दे म्हणून, आणि आणखी दमट हवा आत घेतो. त्यापेक्षा खिडक्या बंद, पंखा चालू, एसी असेल तर ड्राय मोडवर. पण पांढरी पावडर आली म्हणजे पाणी खालून येतंय. जमिनीतली ओल वर चढते, येताना सिमेंट-वाळूतले क्षार विरघळवून आणते, वर आल्यावर पाणी उडून जातं आणि क्षार राहतात. खाडीकाठची खारी वाळू न धुता वापरली असेल तर बघायलाच नको.

कुठलं दुखणं ते ठरवायला जाड प्लास्टिकचा दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा घ्या, चारी बाजूंनी टेपने जमिनीला घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या वर जमलं तर हवेतलं, खाली जमलं तर जमिनीतलं. इतकं सोपं.

खालून असेल तर आधी बाहेर जा. भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा आहे का, पन्हळीचं पाणी पायाशी पडतं का, ड्रेनेजचा चेंबर फुटलाय का. दहातल्या पाच घरांत उत्तर तिथेच मिळतं (हे माझं आपलं अंदाजपंचे, सर्वे नाही केलेला). पावडर कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा, धुवू नका, धुतली की क्षार परत आत जातात. सीलर तर ओल असताना मुळीच नको, पाण्याची वाट बंद झाली की क्षार दगडाच्या आत जमतात आणि वरचा थर फोडून बाहेर येतात. आधी पाणी थांबवा, पूर्ण उन्हाळा वाळू द्या, मग बघू.

आमच्या जुन्या घराची जांभ्याची भिंत गिलावा काढून उघडी केली, लाल चिरे फार सुंदर दिसतात. वरून चमकदार वॉर्निश मारलं. आता दोन वर्षांत त्याचे पापुद्रे निघताहेत आणि आतून भुगा पडतो. — पेडणे

हे वाचून मला जुनं गोवं आठवलं. बॉम जेझूची बॅसिलिका, १५९४ ला काम सुरू, १६०५ ला पूर्ण, आज ती लाल दिसते आणि सगळे त्या लाल रंगाचेच फोटो काढतात. पण ती तशी बांधलेलीच नव्हती. १९५० च्या दशकात तिचा चुन्याचा गिलावा काढला गेला, आणि तेव्हापासून जांभा पावसात झिजतोय, परत गिलावा करावा की नको यावर वाद चालूच आहे. दर्शनी भागातला जो काळा बेसॉल्ट आहे, वसईहून आणलेला, त्याची नक्षी अजून बरी आहे. जांभा छिद्राछिद्रांचा. खाणीतून ताजा काढला की कुऱ्हाडीने तासता येतो, हवा लागली की कडक होतो, पण पाणी पिणं काही सोडत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना हे ठाऊक होतं म्हणून शिंपल्यांचा चुना लावायचे, चुना श्वास घेतो, पाणी शिरलं तरी बाहेर पडतं.

तुम्ही वॉर्निश मारून भिंतीला प्लास्टिकचा रेनकोट घातलात आणि आत ती घामाघूम झाली. सगळं वॉर्निश काढून टाका, रिमूव्हर लावून नायलॉनच्या ब्रशने, लोखंडी ब्रश नको आणि प्रेशर वॉशर तर घरातच आणू नका. भिंत बाहेरची आणि पावसाच्या तोंडावर असेल तर मनावर दगड ठेवून चुन्याचा गिलावा परत करा. आतली असेल किंवा लांब पागोळी असेल तर उघडी चालेल, हवं तर सिलेन-सिलॉक्सेनचं पाणी झटकणारं कोट मिळतं, ते चमकत नाही आणि वाफ अडवत नाही. सिमेंटने सांधे भरले असतील तर तेही चुकलंय, पण ते सांगून आता तुमचा जीव खात नाही. नाही, सांगतेच, सिमेंट जांभ्यापेक्षा कडक, मग झिजतो तो चिरा आणि सांधा तसाच राहतो. चुन्यात करा.

देवघराच्या पांढऱ्या मार्बलवर समईच्या तेलाचा डाग आणि हळदीचा पिवळा. गणपतीत पडला, जात नाही. — एक काकू, काणकोण

काकू, हळद सोपी आहे. ऊन दाखवा. हळदीचा रंग उन्हात उडतो, कपड्यावरचाही असाच जातो. देवघर हलणारं असेल तर दोन-तीन दुपारी उन्हात, नसेल तर औषधांच्या दुकानातलं हायड्रोजन पॅरॉक्साइड आणि खाण्याचा सोडा यांचा घट्ट लेप, दह्याच्या चक्क्याएवढा घट्ट, डागावर बोटाच्या जाडीचा थापा, वर प्लास्टिक चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी प्लास्टिक काढून पूर्ण वाळू द्या मग लाकडी उलथन्याने काढा. वाळताना तो डाग ओढून घेतो, म्हणून वाळायच्या आधी पुसायचं नाही. हे फक्त पांढऱ्यावर हां, काळ्या दगडाचा रंग उडू शकतो.

तेलाला पॅरॉक्साइडची गरज नाही. सोडा किंवा बिनवासाची टाल्कम पावडर, पाण्यात दोन थेंब भांड्याचं लिक्विड, तसाच लेप. जुन्या तेलाला तीन-चार वेळा करावं लागतं, धीर धरा. समईखाली पितळी ताटली ठेवली तर तीही कोरडी ठेवा, ओली राहिली की हिरवी कड उठते आणि ती तेलापेक्षा वाईट. चिंच लावून समई घासता ना, ती देवघरात बसून घासू नका!

सीलर दरवर्षी मारायचा का? दुकानदार म्हणतो मारला की डागच पडत नाही. — वास्को

पडतो. सीलरने डाग आत शिरायला वेळ लागतो, तेवढ्यात तुम्ही पुसायचं असतं. आणि आंबटाचे चट्टे तर सीलर थांबवतच नाही. दगडावर पाण्याचा मोठा थेंब ठेवा, पंधरा मिनिटांनी पुसा, खाली काळपट ओल दिसली तर मारा, नाही दिसली तर पैसे खिशात ठेवा. गर्द काळ्या ग्रॅनाइटला बहुतेक वेळा लागतच नाही. रोजच्या पुसण्याला साधं पाणी आणि आठवड्यातून एकदा सौम्य साबणाचे चार थेंब, बास. आणि हो, ब्लीच आणि ऍसिड एका बादलीत कधीच नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो, दगडाचं सोडा, तुमच्या फुप्फुसांचं बघा.

सासूबाईंचा रगडो (वाटणाचा दगड) पंधरा वर्षं मागच्या पडवीत पडून होता, आता हुमणाचं (माशांच्या आमटीचं) वाटण त्यावर करायचंय. साबणाने धुवू का? — नवी सून, फोंडा

बाय, वाचून इतकं बरं वाटलं! साबण नको, दगड साबण पितो आणि मग हुमणाला वास येतो. शेवाळ असेल तर काथ्याने, जाड मीठ घालून घासा आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवा. आतून गुळगुळीत झाला असेल तर वाटण घसरत राहतं, वाटलं जात नाही, तेव्हा टाकी लावून, म्हणजे छिन्नीने बारीक टोचे मारून, घ्यावी लागेल. टाकीवाले हल्ली दारावर येत नाहीत, जत्रेच्या दिवसांत बाजारात पाटे-वरवंटे विकायला बसतात त्यांना विचारा. टाकी लावल्यावर लगेच नारळ घालू नका, दात करकरतील. आधी मूठभर भिजवलेले तांदूळ वाटा, फेका, परत वाटा, बोटांना कच लागत नाही तोवर, तीन-चार वेळा तरी. फेकायचं जिवावर येत असेल तर कोंबड्यांना घाला, त्यांना कच लागतोच.